रनशीट मिटायच्या आधी सांगा: गोव्यातल्या डिलिव्हरीवाल्या पोरांना खुले पत्र

पेडण्यापासून काणकोणापर्यंत पाठीवर बॅग घेऊन फिरणाऱ्या पोरांनो, आणि तुमच्यातल्या मोजक्या पोरींनो,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्या काहींचे आयडी मी बंद केले आहेत, म्हणजे काम काढून घेतले आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचायचे की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. म्हापशाजवळच्या एका पार्सल हबवर मी चार वर्षे रायडर होतो आणि नंतर तीन वर्षे इन्चार्ज. गेल्या महिन्यात नोकरी सोडली. आता बांद्याला मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो, त्यामुळे हे लिहायला कोणाला विचारावे लागत नाही. कंपनीचे नाव घेणार नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण सगळीकडे हीच तऱ्हा आहे.

हबवरून कोणाला काढले की बाहेर चहाच्या गाड्यावर एकच बातमी फिरते, "त्याने माल मारला." माझ्या तीन वर्षांत खरोखर माल मारणारे दोघेच सापडले. बाकीचे बरेचसे संध्याकाळ ढकलायला मारलेल्या एका थापेपायी गेले. पोरगा वाईट नव्हता, चोर तर नव्हताच. आजचा दिवस कसाबसा निघू दे, उद्या बघू, असे म्हणून त्याने मशीनवर एक खोटे बटण दाबले, एवढेच.

पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. दोडामार्गाकडचा पोरगा, बावीसेक वर्षांचा. रेनकोटाच्या आतल्या खिशातून त्याने सीओडीची, म्हणजे माल देताना ग्राहकाकडून घेतलेली रोकड काढली. नोटा इतक्या ओल्या की मोजणीच्या मशीनमधून जाईनात. टेबलावर पसरल्या, वर पंखा लावला, वाळल्यावर हाताने मोजल्या. दोनदा मोजल्या तरी १,४६० रुपये कमी. विचारले तर म्हणाला, एका बाईंनी उद्या देते म्हटले. मी त्याच्यासमोरच स्पीकरवर फोन लावला. बाई म्हणाल्या, "दुपारीच दिले की हो. पाचशेच्या तीन नोटा दिल्या, चाळीस परत घेतले."

पोरगा खाली बघत राहिला. मग खिशातून एक चुरगळलेली पावती निघाली. करासवाड्याला टायर फुटला होता, जवळ पैसे नव्हते, सीओडीतले काढून नवा टायर घातला. "उद्या सकाळी भरतलंय, दादा." आणि खरेच, दुसऱ्या दिवशी आठ वाजता तो १,४६० रुपये घेऊन गेटवर उभा होता. मी पैसे घेतले, पावती दिली. आयडी मात्र रात्रीच बंद झाला होता आणि तो परत चालू करणे माझ्या हातात नव्हते.

त्याचे चुकले कुठे? कंपनीच्या पैशातून टायर घातला ही चूक झाली, हे खरे. पण ती चूक दुपारी दीड वाजता फोन करून सांगितली असती, तर मी शिव्या घातल्या असत्या, ग्रुपवर नोंद केली असती आणि एजन्सीने पुढच्या पे-आउटमधून ती रक्कम कापली असती. रात्री साडेआठला त्याच रकमेवर 'ग्राहकाने पैसे दिले नाहीत' असा शेरा पडला, म्हणजे त्याने आपल्या अडचणीत एका तिऱ्हाईत बाईला खोटे पाडले. असा शेरा वर गेला की प्रश्न टायरचा राहत नाही.

मी काही सोवळा नाही. रायडर असताना पहिल्याच वर्षी मीही सीओडीतले ८०० रुपये उचलले होते. आईला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात नेले होते आणि बाहेरच्या फार्मसीतून औषध आणायचे होते. माझा तेव्हाचा इन्चार्ज कोंकणीतून असा बोलला की कान लाल झाले. पण मी चारच्या आत फोन केला होता. त्याने डायरीत लिहून ठेवले आणि विषय संपला. दोन पोरांनी एकच चूक केली. एकाने उन्हात सांगितली, दुसऱ्याची रात्री पकडली गेली. माझे या पत्रातले सगळे म्हणणे यातच आले. रोजची रनशीट, म्हणजे त्या दिवसाच्या पार्सलांची यादी, मिटायच्या आधी जे बिघडले ते लेखी सांगा. मेसेज एका ओळीचा असला तरी चालेल. रनशीट मिटली की तीच गोष्ट गुन्ह्याच्या खात्यात जाते.

गुन्हा हा शब्द मी उगाच वापरत नाही. विश्वासाने सोपवलेली रोकड स्वतःसाठी वापरणे म्हणजे फौजदारीपात्र न्यासभंग. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये नोकराने तसे केले तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. १,४६० रुपयांसाठी कोणी कोर्टाची पायरी चढत नाही. पण केबिनमध्ये बसवून ते कलम तुमच्या तोंडावर मारले जाते, आणि घाबरलेला पोरगा समोर येईल त्या कागदावर सही करून मोकळा होतो. मी असे कागद पाहिले आहेत, त्यांतला एक तर कोरा होता. रक्कम आणि तारीख लिहिलेली नसेल, कागदाचा फोटो काढू देत नसतील, तर सही करू नका. 'घरी दाखवून सांगतो' म्हणा आणि उठा.

दुसरी थाप 'ग्राहक घरी नाही' ही. ती इतकी अंगवळणी पडली आहे की ती थाप आहे हेही आपण विसरलो. शिवोली-आसगावचा रूट घ्या. घरनंबर पंचायतीने कधीकाळी दिलेले, २१४ च्या शेजारी २१५ असेलच असे नाही. पत्त्यात वाड्याचे नाव नाही, नकाशावरची पिन कुठल्यातरी शेतात पडलेली, आणि व्हिलातला पाहुणा सकाळीच चेकआउट करून मोपाच्या विमानतळावर गेलेला. संध्याकाळी सात वाजता बॅगेत अकरा पार्सले उरतात. अंधार, पाऊस, गल्लोगल्ली कुत्री. मग रायडर गाडी लावतो, भाजीपाव सांगतो आणि पाव येईपर्यंत अकराही पार्सलांवर तोच शेरा मारून मोकळा होतो.

तुम्हाला वाटते, कोणाला काय कळतेय. माझ्या स्क्रीनवर ते असे दिसायचे: ६.५२, ६.५२, ६.५३, ६.५३. अकरा शेरे, चार मिनिटे. सगळ्यांचे लोकेशन शिवोली तारीच्या एकाच ठिपक्यावर. ग्राहकाला लावलेला कॉल एकही नाही. मला काही शोधावे लागत नसे, सिस्टीमच लाल करून पुढे ठेवायची. त्यातल्या एका ग्राहकाने 'मी दिवसभर दारातच होतो' अशी तक्रार केली की त्या आठवड्याचे सगळे शेरे उकरले जायचे.

त्याच यादीत खाली 'वेळ पुरला नाही' आणि 'पत्ता सापडला नाही' हे शेरेही असतात. ते दाबले तर त्या दिवसाचा इन्सेंटिव्ह बुडतो, म्हणून कोणी दाबत नाही. बुडू दे. दिवसाचे दीड-दोनशे रुपये गेले तर परवा कमावता येतात. आणि हे सांगताना मला थोडी लाजही वाटते, कारण एका गाडीवर ५५ पार्सलांचे टार्गेट टाकणारे आम्हीच होतो आणि इन्सेंटिव्हचे टक्के मोजणारेही आम्हीच. पावसात शिवोलीच्या रूटवर ५५ पार्सले प्रामाणिकपणे होत नाहीत. मी स्वतः कधी केली नाहीत.

आता खास गोव्याचे दुखणे. इथे पोदेर पहाटे येतो, भोंगा वाजवतो, गेटला अडकवलेल्या पिशवीत पाव टाकतो आणि सायकल पुढे काढतो. घराघरात पिढ्यान्पिढ्यांची ही सवय. त्यामुळे तुम्ही फोन केला की पलीकडून सहज उत्तर येते, "गेटीक उमकळाय आनी वच." तुम्हीही खूश, एक खेप वाचली. पण पावाची पिशवी माकडाने नेली तर पोदेराचे काही जात नाही, आणि इअरफोनचा खोका गेला तर 'डिलिव्हर्ड' तुमच्या नावावर आहे. गेटला अडकवा म्हणणाऱ्या माणसाला तेच वाक्य मेसेज करायला सांगा. गेटचा नंबर आणि खोका दोन्ही दिसतील असा फोटो काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचे, फोनवर ओटीपी घेऊन 'नंतर टाकतो' म्हणत पुढे जाऊ नका. ओटीपी तुमच्याकडे आणि पार्सलही तुमच्याच बॅगेत, अशा अवस्थेत संध्याकाळ झाली तर कागदावर तुम्ही चोर आहात, मनात काहीही असो.

परत घ्यायच्या मालाचेही तसेच. आंटी कॉफी देते, बस म्हणते, आणि तुम्ही बोलता बोलता बुटांचा खोका न उघडताच स्कॅन करता. हबवर तो उघडला की आत जुनी चप्पल. आंटी म्हणते मी नवेच बूट दिले होते. कॉफी प्या, पण खोका तिच्यासमोर उघडा. मोबाइल असेल तर चालू करून आयएमईआय नंबर जुळवा. राग येईल असे वाटते, पण दहातल्या नऊजणांना काही वाटत नाही. ज्याला राग येतो, त्याचाच खोका नीट बघा.

आयडी भाड्याने देण्याबद्दल फार लिहीत नाही. मेहुण्याचे लायसन संपले आहे, चुलतभाऊ दोन महिने मोकळा आहे, म्हणून त्याला आपल्या आयडीवर चालवू देता. अ‍ॅपने सेल्फी मागितली की धावत जाऊन तोंड दाखवता. पकडले तर दोघांचाही आयडी जातो, पण तेवढ्याने निभावले तर नशीब समजा. हायवेवर त्याला काही झाले तर अपघात विमा कोणाच्या नावाचा आणि हॉस्पिटलात पडलेला कोण, याचे उत्तर तुमच्या बहिणीला द्यावे लागेल.

दारूचे मात्र सांगायला हवे. आपल्याकडे दारात आलेल्याला बाटली पुढे करणे हा पाहुणचार समजतात, आणि व्हिलातल्या पाहुण्यांना तर डिसेंबरात सगळे जग आपल्यासारखेच सुट्टीवर आहे असे वाटते. एका ३१ डिसेंबरला आमचा एक चांगला, जुना रायडर कॅश भरायला आला तेव्हा तोंडाला वास. "दादा, मागितली नव्हती मी. हातातच दिली. अर्धीच घेतली." मी त्याला गाडी हबवर ठेवायला लावली आणि दुसऱ्या पोराच्या मागे बसवून घरी पाठवला. तो प्रकार मी वर कळवला नाही. नियमाने कळवायला हवा होता, तेव्हा मला काढायलाही तेवढे पुरे होते. तुमचा इन्चार्ज तसे करेल या भरवशावर राहू नका. मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि पहिल्या वेळेलाच १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. कंपनीची मर्यादा त्याहून सोपी आहे, शून्य. कोणी आग्रह केलाच तर पाणी मागा. पाणी मागितलेल्या माणसाला कोणी बाटली देत नाही.

एका बाबतीत मला कधी वाईट वाटले नाही. पार्सलवरचा नंबर घेऊन रात्री ग्राहक बाईला 'हाय' टाकणारा. 'चुकून गेला', 'फक्त रेटिंग द्या म्हणायचे होते', ही सगळी उत्तरे मी ऐकली आहेत. तिचे घर कुठे आहे, ती किती वाजता एकटी असते हे त्या पोराला ठाऊक असते, आणि त्याला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक असते. म्हणून ती घाबरते. अशांचा आयडी बंद करताना मी दुसऱ्यांदा विचार केला नाही. डिलिव्हरी झाली की तो नंबर तुमचा नव्हे, यावर माझ्याशी वाद घालायला येऊ नका.

आता माझी चूक. पर्वरीच्या एका ग्राहकाने मोबाइलचा खोका उघडला तर आत फरशीचा तुकडा. त्याने उघडतानाचा व्हिडिओ काढला होता. शेवटचा हात रायडरचा, म्हणून रायडर दोषी. रक्कम त्याच्या पे-आउटमधून हप्त्यांनी वसूल झाली, आयडी गेला, आणि त्या फॉर्मवर सही माझी होती. सहा-सात आठवड्यांनी वरच्या वेअरहाऊसमध्ये टेप कापून पुन्हा चिकटवणारे लोक सापडले. मी त्या पोराला फोन केला. तोवर तो वेर्ण्याला एका फॅक्टरीत लागला होता. "राहू दे आता, दादा," एवढेच म्हणाला. त्याच्या पैशांसाठी मी दोन ईमेल केल्या. तिसरी केली नाही.

तेव्हापासून मी सकाळी पोरांना सांगू लागलो, माल उचलताना लहान आणि महाग खोके आधी बघा. ५५ पार्सले तपासत बसायला सकाळी सातच्या घाईत कोणाला वेळ नसतो, मला माहीत आहे. पण मोबाइल, घड्याळे, इअरफोन असे चार-पाचच असतात. टेपवर टेप आहे का, कोपरा दबलाय का, हातात घेतल्यावर आत काही हलते का. शंका आली तर फोटो काढून ग्रुपवर टाका आणि तो खोका 'डॅमेज' मारून तिथेच ठेवा. सुपरवायझर ओरडेल. ओरडू दे. पावसाने भिजून आलेल्या खोक्यांनाही हेच लागू. तुमच्या बॅगेत शिरायच्या आधी भिजले होते याचा पुरावा तुमच्याशिवाय कोणी ठेवणार नाही.

आणि कायदा आपल्या पाठीशी आहे या भ्रमात राहू नका. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, ती लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ पासून. 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' हे शब्द तिने कायद्यात आणले. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरावी, असेही तीत आहे. विमा, अपंगत्व, म्हातारपण यांच्या योजना त्यातून व्हायच्या आहेत, म्हणून ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवून ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत. पण आयडी बंद करायच्या आधी नोटीस द्या, असे ती संहिता प्लॅटफॉर्म कामगारांसाठी कुठेही म्हणत नाही. कर्नाटकाने २०२५ च्या आपल्या कायद्यात ते घातले, १४ दिवसांची नोटीस आणि लेखी कारण. तो कायदा कर्नाटकाच्या सीमेवरच्या पोळेच्या नाक्यापलीकडे. आपण अलीकडे.

एजन्सीच्या पगारावर असाल, पीएफ कापला जात असेल, तर गोष्ट वेगळी. मग पगाराच्या स्लिपा घेऊन पणजीला पाट्टोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांच्या कचेरीत जा. तिथेही पहिला प्रश्न हाच येतो की कागद काय आहेत. म्हणून कॅश भरल्याची रोजची पावती, त्या दिवसाच्या रनशीटचा स्क्रीनशॉट आणि कॉलची यादी तीन महिने तरी फोनमध्ये ठेवा. फोन पाण्यात पडतो, तेव्हा बहिणीच्या किंवा मित्राच्या नंबरवर पाठवून ठेवा. आयडी बंद झाला की अ‍ॅपमधले तुमचे सगळे रेकॉर्ड तुम्हाला दिसायचे बंद होते, हे बऱ्याचजणांना बंद झाल्यावरच कळते.

माझ्या जागी आता जे बसले आहेत त्यांनाही दोन शब्द. दुपारी फोन करून चूक सांगणाऱ्या पोरावर ओरडा, पण फोन उचला. मी कितीदा मीटिंगमध्ये आहे म्हणून कट केला याचा हिशेब माझ्याकडे नाही. फोन न उचलणाऱ्या इन्चार्जच्या हबवरच संध्याकाळचे खोटे शेरे वाढतात.

शेवटचे एक राहिले. दर वर्षी सगळ्यात जास्त आयडी चोरीने नाही, मारामारीने नाही, चवथीने बंद होतात. पोरगा गावाला जातो, गणपती पाच दिवसांचा असतो, तो सातव्या दिवशी येतो आणि सिस्टीमने त्याला 'पळून गेला' असे धरलेले असते. इन्चार्जला गेटवर तोंडी सांगितले होते म्हणतो. सांगितलेही असेल, पण पन्नास पोरे गेटवर तोंडी सांगतात आणि त्याच आठवड्यात इन्चार्जही आपल्या गावाला गेलेला असतो. चवथीच्या रजेचा मेसेज आजच टाका, तारखा घालून. समोरून 'ओके' आले की त्याचा स्क्रीनशॉट बहिणीला पाठवा.

तुमचाच,
एक जुना रायडर, बांदा